उचंत खाते

पत्र आलं जाड कागदावर, कोपऱ्यात कॉलेजचं नवं बोधचिन्ह.
चाळीस वर्षं झाली. सहा मजले, दोन लिफ्ट,
बी.बी.ए.च्या तीन तुकड्या, आणि काचेआड एक खोटी बँक,
जिथं पोरं खऱ्यासारखी रांग लावून शिकतात.
खाली चौकोन, माजी विद्यार्थ्यांनी खूण करायची:
देणगी. व्याख्यान. बाकावर नाव.
सुट्टीत एखाद्याला कामावर घेणे.
इतर.

आमच्या वेळी कॉलेज म्हणजे शाहूपुरीतला माळा.
खाली गुळाची वखार, वर पाच वर्ग.
रवे उतरायला लागले की जिना बंद,
तेवढा तास बुडायचा.
उत्तरपत्रिकांना मुंग्या लागायच्या.
दस्तगीरमामा गठ्ठा झटकायचे आणि म्हणायचे,
"गोड लिवलंय पोरास्नी, मार्क द्या की सर."

तेरदाळे सर फळ्यावर तेरीज मांडायचे.
माझी जुळायची नाही.
एकदा सदतीस रुपये कमी पडले,
दोन तास शोधले, मग रडू आलं.
"ऱ्हाऊ दे," सर म्हणाले, "उचंत खात्याला टाक.
पण इसरू नको. उचंत म्हणजे माफी न्हवं.
सापडंपर्यंतची जागा हाय ती."

सर गेले तेव्हा मी शिरोलीत पहिलं लेथ घेतलेलं.
मातीला गेले नाही. ऑर्डर होती.

देणगीपुढं आकडा लिहिला, खोडला.
बाकावर नाव? ते तर होतंच,
कर्कटकानं कोरलेलं, त्याबद्दल दंडही भरलेला.
शेवटी 'इतर'पुढं लिहिलं:
माझ्या वह्या. सन दोन हजार नऊ.
ज्या साली फौंड्र्यांनी पाळ्या बंद केल्या
आणि तीन लेथांतली माझी दोन विकली गेली.

प्राचार्य फोनवर जरा घुटमळले.
"मॅडम, मुलांना यशाचं काहीतरी..."
म्हटलं, यश सांगणारे येतील की,
तुमच्या जिन्यात फोटो लागलेत त्यांचे.

चौथा मजला. गार हवा, कशाचाच वास नाही.
कीर्द, खतावणी टेबलावर ठेवली,
पानापानावर माझ्या अंगठ्याचं ग्रीस.
चाळीस पोरं वाकली. कुणी मोबाईलवर बेरीज करतंय,
कुणी माझं अक्षर लावतंय.
हुपरीची एक, तनिष्का गाट,
घरात चांदीचं काम, नजर गुंजेची.
"मॅडम, हे चार लाख येणे,
सहा वर्षं नुसतं पुढं ओढलंय.
अभिनंदन... कुणाचं?"
मागं कुणीतरी हसलं.
"माझा भाऊ. नाव आहे ते."
"ही रक्कम येणार नव्हतीच की."
"..."
"तुम्हाला म्हाईत होतं."
"होतं."
"मी तीनदा बघितलो मॅडम. हा तोटा नऊ सालचा न्हवं.
तीन सालचाच हाय. तुम्ही उगंच
बाजाराला नाव ठेवताय."

वर्गातले सर उठून काही बोलणार होते.
मी हातानंच नको म्हटलं.
पाणी मागितलं. कुणीतरी बाटली दिली.

आता शनिवारी ती केएमटीनं शिरोलीला येते,
डब्यात ज्वारीची भाकरी, कानामागं पेन्सिल.
पगार ठरवताना माझ्याशी घासाघीस केली,
जिंकली.
माझ्या खरेदीची बिलं तारखेप्रमाणं लावते
आणि चहाचे पैसेही लिहिते, साडेसात, साडेसात.

परवा अभिनंदन आला होता. केस पिकलेत.
माझ्याकडं आला नाही, तिच्या टेबलाशी उभा राहिला.
"ताईच्या वहीत," म्हणाला,
"अजून नाव हाय का माझं?"

तिनं माझ्याकडं बघितलं.
मग पान उलटून दाखवलं त्याला.

मी लेथ बंद केलं नाही.